कोडावर प्रकाशाचा उपचार. धीर मात्र हवा

लग्नाची बोलणी सुरू झाली की कोडाचा डाग बाहीखाली झाकायचा, ही गोष्ट धाराशिव जिल्ह्यातील गावांनाही नवी नाही. खरे तर कोड संसर्गजन्य नसते आणि ते कुष्ठरोगही नव्हे. शरीराची प्रतिकारशक्तीच त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर उलटते आणि तिथली त्वचा पांढरी पडते.

बावची लावून उन्हात बसण्याचा उपाय आपल्याकडे फार जुना आहे. बावचीतील सोरालेनमुळे त्वचा अतिनील किरणांना जास्त प्रतिसाद देते. ‘पुवा’ उपचार याच तत्त्वावर चालतो. पण मराठवाड्याच्या उन्हात मात्रा मोजता येत नाही. स्वतःच्या मनाने हा प्रयोग केल्यास त्वचा भाजते, फोड येतात.

आता ‘नॅरोबँड यूव्हीबी’ अधिक वापरतात. यात सुमारे ३११ नॅनोमीटर लांबीच्या लहरी मोजून दिल्या जातात. नेदरलँड्समधील डॉक्टरांनी १९९७ मध्ये कोडावर त्याचा उपयोग दाखवून दिला. यात सोरालेनची गोळी लागत नाही. त्यामुळे मुलांना आणि गर्भवतींनाही डॉक्टरांच्या देखरेखीखाली तो देता येतो. डाग मोजकेच असतील, तर ३०८ नॅनोमीटरचा एक्सायमर प्रकाश फक्त डागावरच देतात.

हे किरण हल्ला करणाऱ्या पेशींना शांत करतात आणि केसांच्या मुळाशी उरलेल्या रंगपेशींना जागे करतात. म्हणून रंग आधी ठिपक्याठिपक्यांनी परततो. चेहरा व मान चांगला प्रतिसाद देतात. बोटांची टोके आणि ओठ हट्टी असतात.

खरी अडचण वेळेची आहे. आठवड्यातून दोन-तीनदा, निदान सहा महिने उपचार घ्यावा लागतो. परंडा किंवा कळंबहून प्रत्येक वेळी एसटीने येणे म्हणजे भाडे गेले आणि त्या दिवसाचा रोजही बुडाला. मग दोन महिन्यांत ‘गुण येत नाही’ म्हणून उपचार सुटतो. त्यामुळे सुरुवातीलाच धाराशिवच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जवळच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे दाखवावे. यंत्र सर्वांत जवळ कुठे आहे, डागांसाठी घरी वापरायचे छोटे यंत्र चालेल का, हे विचारावे. उपचाराच्या वेळी डोळ्यांना संरक्षक चष्मा हवाच.

रंग परतेल किंवा परतणारही नाही. पण डाग झाकून मुलीने मान खाली घालावी, असे त्यात काहीच नाही. पुण्याच्या डॉ. माया तुळपुळे यांनी ‘श्वेता असोसिएशन’मधून हेच सांगितले आहे.