रेषेचा खरेपणा : स्केल मॉडेलच्या रंगकामातील मास्क

शाळेच्या छंदवर्गातील कपाटात मांडलेली विमानांची मॉडेल्स पाहताना पालकांकडून एक प्रश्न हमखास येतो : पंखावरची एवढी सरळ रेषा मुलांनी हाताने काढली कशी? याचे उत्तर असे, की ती रेषा कोणी काढलेलीच नसते. जो भाग रंगवायचा नाही तो आधी झाकलेला असतो. रंग देऊन झाकण उचलले की रेषा आपोआप उरते. या तात्पुरत्या झाकणाला मास्क म्हणतात. रांगोळीचा छाप आणि पत्र्याच्या पेटीवर नाव रंगवण्यासाठी कापलेला पुठ्ठा ही त्याचीच भावंडे होत. मास्क कसा कापावा व कसा लावावा, हे प्रस्तुत लेखात आम्ही क्रमाने मांडत आहोत. त्याबरोबरच इतिहासाचे शिक्षक म्हणून आणखी एक गोष्ट सांगावयाची आहे : रेषा सुबक असणे पुरेसे नाही, ती खरीही असावी लागते.

मिलिमीटरचे गणित

उदाहरणासाठी एकच विमान घेऊ. दुसऱ्या महायुद्धातील स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या पंखांचा विस्तार ११.२३ मीटर होता. १:७२ या प्रमाणात त्याचे मॉडेल केले, की तो साधारण १५.६ सेंटिमीटर भरतो, म्हणजे शाळकरी पट्टीच्या अर्ध्याहून थोडा अधिक. या प्रमाणात मॉडेलवरचा १ मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानावरचे ७.२ सेंटिमीटर. टेपखाली रंग अर्धा मिलिमीटर पाझरला, तर खऱ्या विमानाच्या रंगाची कड साडेतीन सेंटिमीटरने सरकल्यासारखे होते. रंगाच्या कडेला एक दशांश मिलिमीटरचा उंचवटा राहिला, तर पंखावर पाऊण सेंटिमीटर उंचीचा बांध घातल्यासारखा दिसतो. मास्कच्या कामात एवढी काळजी का घ्यावी लागते, हे या हिशेबावरून ध्यानात यावे.

टेपचा जन्म

मास्किंग टेपलाही इतिहास आहे. १९२० च्या दशकात अमेरिकेत दोन रंगांच्या मोटारींची टूम निघाली होती. रंगारी एक भाग कागदाने झाकत. परंतु कागद धरून ठेवणाऱ्या चिकटपट्ट्या काढताना ताजा रंगही सोलून निघे व सारे काम पुन्हा करावे लागे. मिनेसोटा राज्यातील थ्रीएम ही कंपनी तेव्हा मुख्यतः सँडपेपर बनवीत असे. तिच्या प्रयोगशाळेत काम करणारा रिचर्ड ड्रू हा तरुण सँडपेपरचे नमुने घेऊन मोटार रंगवण्याच्या कारखान्यांत जात असे. अभियांत्रिकीचे शिक्षण त्याने अर्धवट सोडले होते. रंगाऱ्यांचा वैताग त्याने पाहिला आणि नीट चिकटेल, पण काढताना रंग उपटणार नाही अशी पट्टी बनवण्याचा ध्यास घेतला. मध्यंतरी वरिष्ठांनी त्याला हे सोडून सँडपेपरच्या कामाकडे वळण्यास सांगितले, तरी त्याने प्रयोग सोडले नाहीत. १९२५ मध्ये सुरकुतीच्या कागदावरील मास्किंग टेप तयार झाली. रंगाऱ्याची अडचण ऐकून घेण्याइतके महत्त्व एका प्रयोगशाळेतील माणसाला वाटले, त्यातून ही वस्तू जन्मली. हाताने काम करणारा आणि डोक्याने काम करणारा यांच्यात भिंत उभी करण्याची जुनी खोड असलेल्या आपल्या समाजाने ही हकिगत लक्षात ठेवावी.

साहित्य

हार्डवेअरच्या दुकानातील साधी मास्किंग टेप भिंतीसाठी ठीक असते. तिच्या सुरकुत्यांमुळे कड खडबडीत राहते व त्या फटींतून रंग आत शिरतो. मॉडेलसाठी जपानी धर्तीच्या पातळ वाशी कागदाची टेप उत्तम. ती अर्धपारदर्शक असल्याने खालचा उठाव दिसतो. वक्र रेषेसाठी ताणली जाणारी अरुंद व्हिनाइल टेप लागते. मोठा भाग झाकायला टेपच्या कडेला जोडलेला साधा कागद पुरतो. आडव्यातिडव्या कोपऱ्यांसाठी द्रवरूप मास्क मिळतो. तो ब्रशने लावायचा. वाळला की रबरासारखा सोलून निघतो.

गुंतागुंतीच्या आकारांसाठी परदेशात मॉडेलनिहाय कापलेले तयार मास्क मिळतात. चेक प्रजासत्ताकातील एडुअर्ड ही कंपनी त्यासाठी प्रसिद्ध आहे. आपल्याकडे तालुक्याच्या गावीही एक सोय असते, ती म्हणजे रेडियमचे दुकान. गाड्यांवरची नावे व नक्षी कापणारे तेथील यंत्र संगणकावर काढलेला आकार व्हिनाइलमध्ये अचूक कापून देते. मात्र ते व्हिनाइल कायम चिकटून राहण्यासाठी बनवलेले असल्याने त्याचा चिकटपणा अधिक असतो. म्हणून ते आधी स्वच्छ काचेवर दोन-तीनदा लावून काढावे.

कापणे

रोलची कड धूळ व ओरखडे यांमुळे कधीच स्वच्छ नसते. म्हणून टेप काचेवर किंवा कटिंग मॅटवर चिकटवावी आणि स्टीलची पट्टी धरून तिची नवी कड कापावी. ब्लेड नवेच हवे. बोथट ब्लेड टेप कापत नाही, ओढते. एकाच घावात जोर लावण्यापेक्षा हलक्या हाताने दोनदा फिरवावे. कापताना दुसऱ्या हाताची बोटे ब्लेडच्या वाटेत येऊ नयेत, हा नियम मुलांकडून पहिल्या दिवशीच पाठ करून घ्यावा.

सर्वांत नाजूक काम वैमानिकाच्या काचेच्या छताचे. तेथे काच पारदर्शक ठेवून केवळ तिची चौकट रंगवायची असते. टेपचा तुकडा काचेवर बसवून लाकडी काडीने दाबला, की चौकटीची उंच कड टेपखाली रेषेसारखी उमटते. त्या कडेला टेकवून ब्लेड फिरवावे. ब्लेडचे केवळ वजन पुरे. काचेवर पडलेला ओरखडा सहसा लपत नाही. हात अजून बसला नसेल, तर दुसरा मार्ग आहे : चौकटीच्या चारही कडांना आतून टेपच्या अगदी बारीक पट्ट्या लावाव्यात आणि मधली जागा द्रवरूप मास्कने भरावी. यात मॉडेलवर ब्लेड चालवावेच लागत नाही. रंग देताना आधी चौकटीवर विमानाच्या आतल्या बाजूचा रंग द्यावा व त्यावर बाहेरचा. काचेतून आत पाहणाऱ्याला मग चौकट आतून योग्य रंगाची दिसते.

लावणे, रंगवणे, काढणे

खालचा रंग पूर्ण वाळल्याखेरीज टेप लावू नये. लावण्यापूर्वी ती हाताच्या पाठीवर किंवा काचेवर एकदा चिकटवून काढावी, म्हणजे जोर कमी होतो. टेप ताणून लावू नये, ती पुन्हा आक्रसते व कड उठते. कड नखाने किंवा काडीने दाबावी. बाकीचा भाग जेमतेम टेकला तरी चालतो.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि रेषा तिच्यामुळेच साधते. नवा रंग देण्याआधी टेपच्या कडेवर खालच्याच रंगाचा किंवा पारदर्शक वॉर्निशचा एक पातळ थर द्यावा. टेपखाली जी काही फट असेल, तिच्यात हा थर शिरून ती बंद करतो. तो खालच्या रंगाशी एकरूप असल्याने दिसत नाही. त्यावर दिलेल्या नव्या रंगाला आत जायला वाट उरत नाही.

रंगाचा फवारा टेपकडून उघड्या भागाकडे असावा, कडेच्या पोटात मारू नये. एक जाड थर देण्याऐवजी तीन पातळ थर द्यावेत. एअरब्रश नसेल तर जवळजवळ कोरडा ब्रश टेपवरून बाहेर ओढत न्यावा. फवाऱ्याचे काम हवेशीर जागी, नाकातोंडावर योग्य मास्क लावूनच करावे.

रंग बोटाला लागेनासा झाला, की टेप काढायला घ्यावी. फार उशीर केला तर रंगाचा थर कडक होऊन कडेला तुटतो. टेप वर खेचू नये. तिलाच मागे दुमडून, पृष्ठभागालगत, सावकाश ओढावी. आपल्याकडील उन्हाळ्यात टेप मॉडेलवर कित्येक दिवस ठेवणे हानिकारक असते. चिकटा वितळून रंगावर बसतो. कडेला उंचवटा राहिलाच, तर अतिबारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलकेच फिरवावा.

पट्टे : जून १९४४

सरळ रेषेचा सराव करण्यास ६ जून १९४४ च्या नॉर्मंडी स्वारीतील पट्ट्यांसारखे दुसरे उदाहरण नाही. आपल्याच सैन्याने आपली विमाने पाडू नयेत, यासाठी मित्रराष्ट्रांच्या विमानांच्या पंखांवर व मागच्या धडावर पांढरे-काळे असे पाच पट्टे रंगवण्याचा आदेश निघाला : तीन पांढरे, दोन काळे. एक इंजिन असलेल्या विमानासाठी प्रत्येक पट्टा १८ इंचांचा, म्हणजे १:७२ प्रमाणात सुमारे ६.३ मिलिमीटर. मॉडेलवर आधी पाचही पट्ट्यांची संपूर्ण जागा पांढरी करावी, मग पहिला, तिसरा व पाचवा पट्टा झाकून काळा रंग द्यावा. फिका रंग आधी, गडद नंतर, हा मास्कच्या कामाचा सर्वसाधारण क्रम आहे. काळ्यावर पांढरा देऊ गेल्यास थरांवर थर चढतात.

वर्तुळे : एका चिन्हाची स्थित्यंतरे

वर्तुळाचा सराव आपल्याच हवाई दलाच्या चिन्हावर करता येतो. ब्रिटिश अमदानीत विमानांवर निळ्या-पांढऱ्या वर्तुळांच्या मध्यभागी लाल ठिपका असे. जपानशी युद्ध सुरू झाल्यावर हा लाल ठिपका घातक ठरू लागला, कारण जपानी विमानांचे चिन्हच लाल गोल होते. म्हणून पूर्वेकडील आघाडीवर लाल रंग काढून टाकण्यात आला, आणि ब्रह्मदेशात लढणाऱ्या भारतीय वैमानिकांच्या विमानांवर गडद व फिक्या निळ्या रंगांचे चिन्ह आले. स्वातंत्र्यानंतर काही काळ अशोकचक्राचे चिन्ह वापरले गेले. १९५० पासून आजचे तिरंगी चिन्ह आहे : बाहेर हिरवे, मध्ये पांढरे, केंद्रात केशरी.

तिरंगी चिन्हासाठी कंपास कटरने टेपमध्ये एकाच केंद्रातून तीन वर्तुळे कापावीत. त्यातून चार तुकडे मिळतात : बाहेरचा पत्रा, दोन कडी व मधली चकती. चारही जपून ठेवावेत. मॉडेलवर फक्त बाहेरचा पत्रा लावून आतले सारे वर्तुळ पांढरे करावे, कारण केशरी व हिरवा हे रंग पांढऱ्यावरच खुलतात. पांढरा वाळल्यावर बाहेरचे कडे, आतले कडे व चकती एकमेकांना टेकवून परत बसवावीत, आणि केवळ बाहेरचे कडे उचलून हिरवा द्यावा. तो वाळला की ते कडे जागेवर ठेवून चकती उचलावी व केशरी द्यावा. प्रत्येक तुकडा शेजारच्या तुकड्याला योग्य जागा दाखवतो, त्यामुळे केंद्र हलत नाही.

अशोकचक्राची गोष्ट अवघड आहे. राष्ट्रध्वजावरील चक्राप्रमाणे २४ आरे घेतले, तर दोन आऱ्यांमध्ये १५ अंश येतात. चक्राचा व्यास १ सेंटिमीटर धरला, तर परिघावर एक आरा व त्याच्या शेजारची मोकळी जागा मिळून जेमतेम १.३ मिलिमीटर मिळतात आणि केंद्राकडे त्याहूनही कमी. हे हाताने कापणे शक्य नाही. येथे यंत्राने कापलेला मास्क घेऊन १:३२ सारखे मोठे प्रमाण निवडावे, अथवा पाण्यात भिजवून चिकटवायचे छापील चिन्ह वापरावे. आरे कमी करून सोय पाहणे मात्र योग्य नव्हे. सारनाथच्या स्तंभशीर्षापासून २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने स्वीकारलेल्या ध्वजापर्यंत आलेले हे चक्र मोजून काढण्याची वस्तू आहे, अंदाजाने काढण्याची नव्हे.

सुबक रेषा आणि खरी रेषा

नॉर्मंडीचे पट्टे विमानतळावरील कर्मचाऱ्यांनी स्वारीच्या तोंडावर घाईघाईने, पुष्कळ ठिकाणी साध्या ब्रशने रंगवले होते. त्या काळच्या छायाचित्रांत अनेक पट्टे वाकडे दिसतात, कडा फाटलेल्या दिसतात. मग मॉडेलवर ते काटेकोर सरळ काढावेत काय? आमचे उत्तर असे : ज्या विमानाचे मॉडेल करायचे त्याचे छायाचित्र पाहावे आणि पुरावा सांगेल तशी कड ठेवावी. कड मऊ हवी असेल तर मास्क पृष्ठभागावर न चिकटवता पुट्टीच्या बारीक वळीवर किंचित उचलून धरतात. कडक हवी असेल तर दाबून बसवतात. दोन्ही पद्धती हाताशी असलेला विद्यार्थीच पुराव्याप्रमाणे निवड करू शकतो. तसेच १९४४ च्या ब्रह्मदेश आघाडीवरील विमानावर लाल ठिपका कितीही रेखीव काढला, तरी ते मॉडेल खोटेच ठरते.

म्हणून छंदवर्गात आम्ही रंगाच्या बाटलीआधी तीन प्रश्नांची उत्तरे वहीत लिहून घेतो : विमान कोणते, वर्ष कोणते, आणि हे कशावरून? घरी सुरुवात करू इच्छिणाऱ्यांनी प्लॅस्टिकच्या जुन्या डब्याच्या झाकणावर ६ मिलिमीटरचे पाच पट्टे काढून पाहावेत. टेपची नवी कड, आधीच्या रंगाचा पातळ थर आणि सावकाश ओढलेला हात, एवढे जमले की पुढचे सारे सरावाने येते.