गच्ची कोणाची? सदनिका-खरेदी आणि सामायिक जागांवरील हक्क

२०११ च्या जनगणनेनुसार देशाची ३१.१६ टक्के लोकसंख्या शहरांत राहत होती. जमिनीचा पुरवठा मर्यादित आणि घरांची मागणी वाढती, अशा स्थितीत बहुमजली इमारत हे शहरी निवाऱ्याचे प्रमुख रूप ठरले. मात्र जमिनीचा तुकडा आणि त्यावरील घर यांच्या मालकीचे जुने नियम सदनिकेला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. एकाच भूखंडावर, एकावर एक अशी अनेक घरे उभी असतात. जिना, उद्‌वाहन, पाण्याच्या टाक्या आणि गच्ची यांवाचून त्यांपैकी एकही घर वापरता येत नाही. म्हणूनच सदनिकेचा खरेदीदार एकाच वेळी दोन वस्तू विकत घेत असतो: चार भिंतींच्या आतील स्वतंत्र जागा आणि भिंतींबाहेरील जागेतील अविभक्त हिस्सा. पहिल्या वस्तूचे मोजमाप तो काटेकोरपणे करतो, दुसरीची चौकशी मात्र क्वचितच करतो.

पोटमाळा, जोडगच्ची आणि गच्ची

हा भेद समजण्यासाठी तीन जागा विचारात घेता येतील. स्वयंपाकघरावरील किंवा न्हाणीघरावरील पोटमाळा सदनिकेच्या आतच असतो. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार तो केवळ साठवणीसाठी असून त्याची कमाल उंची १.५ मीटर असते. त्याच्या मालकीबाबत सहसा वाद उद्‌भवत नाही. दुसरी जागा म्हणजे मंजूर नकाशात एखाद्या सदनिकेला जोडून दाखविलेली खुली गच्ची. ती त्या खरेदीदाराच्या अनन्य वापरासाठी असू शकते. तिसरी जागा इमारतीच्या माथ्यावरील गच्ची. तिच्यावर टाक्या व उद्‌वाहनाची यंत्रणा असते आणि संपूर्ण इमारतीचे छप्परही तीच असते. सर्वांत वरच्या मजल्यावरील रहिवासी तिच्या सर्वांत जवळ असतो. परंतु जवळीक म्हणजे मालकी नव्हे.

स्थावर संपदा (विनियमन आणि विकास) अधिनियम, २०१६ अर्थात ‘रेरा’च्या कलम २ मध्ये सामायिक क्षेत्राची व्याख्या आहे. प्रकल्पाची जमीन, जिने, उद्‌वाहने, अग्निसुटकेचे मार्ग, सामायिक तळघरे, गच्च्या, उद्याने, खुले वाहनतळ आणि सामायिक साठवणीच्या जागा यांचा तीत समावेश होतो. याच कलमातील चटई क्षेत्राच्या व्याख्येतून अनन्य वापराची बाल्कनी व खुली गच्ची वगळलेली आहे.

राज्यांचे कायदे याहून जुने आहेत. महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० नुसार प्रत्येक मालकाचा सामायिक क्षेत्रातील हिस्सा टक्केवारीत निश्चित होतो. तो सदनिकेपासून वेगळा करता येत नाही. ठरावीक सदनिकांनाच वापरता येणाऱ्या ‘मर्यादित सामायिक क्षेत्रां’ची तरतूदही या कायद्यात आहे, मात्र त्यांचा उल्लेख नोंदणीकृत घोषणापत्रात असावा लागतो. सहकारी गृहनिर्माण संस्थेची रचना निराळी आहे. तेथे अभिहस्तांतरणानंतर जमीन व इमारत संस्थेच्या नावे होते आणि सदस्याला त्याच्या सदनिकेचा भोगवटा मिळतो.

प्रवेशाचा हक्क

मालकीइतकाच महत्त्वाचा प्रश्न प्रवेशाचा आहे. गच्चीच्या दाराची किल्ली एकाच कुटुंबाकडे असेल, तर टाकीची स्वच्छता, गळतीची दुरुस्ती आणि आगीच्या वेळची सुटका या तिन्ही बाबी त्या कुटुंबाच्या मर्जीवर अवलंबून राहतात. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ८ नुसार मालमत्तेबरोबर तिला संलग्न असलेले सुविधाधिकारही हस्तांतरित होतात. विपरीत करार असल्यास गोष्ट वेगळी. हा हक्क दुहेरी आहे. सामायिक नळ किंवा वाहिन्या एखाद्याच्या पोटमाळ्यातून जात असतील, तर १९७० च्या कायद्यानुसार दुरुस्तीसाठी वाजवी वेळी त्या सदनिकेत प्रवेश करण्याचा अधिकार मालकांच्या संघाला आहे.

एकाच जागेची दोनदा किंमत

अर्थशास्त्रीय दृष्टीने सामायिक जागेचा प्रश्न माहितीच्या विषमतेचा आहे. प्रवर्तकाला नकाशा आणि कायदा ठाऊक असतो, खरेदीदारापुढे माहितीपत्रक असते. समजा, २४ सदनिकांच्या इमारतीतील गच्ची प्रवर्तकाने एका खरेदीदाराला जादा रक्कम घेऊन ‘दिली’. गच्चीच्या बांधकामाचा खर्च सर्व सदनिकांच्या किमतीत आधीच समाविष्ट आहे. म्हणजे तीच जागा दुसऱ्यांदा विकली गेली. पुढे जलरोधनासाठी ६ लाख रुपये खर्च आला आणि तो समान वाटला गेला, तर प्रत्येकावर २५,००० रुपयांचा भार पडतो. लाभ एकाचा आणि खर्च चोवीस जणांचा, अशी ही विसंगती आहे.

नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था या मुंबईतील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये याच स्वरूपाचा प्रश्न निकाली काढला. इमारतीखालील खांबांमधील वाहनतळ ही महाराष्ट्राच्या १९६३ च्या सदनिका कायद्यानुसार स्वतंत्र ‘सदनिका’ नसून सामायिक क्षेत्राचा भाग आहे, तेव्हा प्रवर्तकाला ती स्वतंत्रपणे विकता येणार नाही, असा तो निर्णय होता.

पुढच्या दशकातील नोएडाचे सुपरटेक एमेराल्ड कोर्ट प्रकरण अधिक बोलके आहे. ज्या जागी आधीच्या नकाशात बगीचा दाखविला होता, तेथे दोन मनोरे उभे राहिले. नव्या सदनिकांमुळे जुन्या रहिवाशांचा अविभक्त हिस्सा घटतो, म्हणून त्यांची संमती आवश्यक होती, असे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. २८ ऑगस्ट २०२२ रोजी हे मनोरे पाडण्यात आले. ‘रेरा’च्या कलम १४ नुसारही इमारतीच्या मंजूर नकाशात वा सामायिक क्षेत्रात बदल करण्यासाठी किमान दोन-तृतीयांश खरेदीदारांची लेखी पूर्वसंमती लागते. किरकोळ बदल यास अपवाद आहेत.

हक्क कागदावर येणे आवश्यक

कायद्याने मान्य केलेला हिस्सा नावावर होईपर्यंत असुरक्षितच राहतो. ‘रेरा’च्या कलम १७ नुसार सदनिकेचे हस्तांतरण खरेदीदाराला आणि सामायिक क्षेत्राचे हस्तांतरण त्यांच्या संघाला करावयाचे असते. स्थानिक कायद्यात वेगळी मुदत नसेल, तर भोगवटा प्रमाणपत्रापासून तीन महिन्यांत ते पूर्ण व्हावे लागते. महाराष्ट्रात २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची सोय झाली. प्रवर्तकाने टाळाटाळ केल्यास संस्थेला सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. इमारत जुनी होऊन पुनर्विकासाची वेळ येते, तेव्हा भिंतींचे मूल्य जवळपास संपलेले असते. उरते ते जमिनीचे आणि तिच्यावरील चटई क्षेत्र निर्देशांकाचे मूल्य. ते रहिवाशांचे की प्रवर्तकाचे, हे या दस्तऐवजावर ठरते.

म्हणून खरेदीपूर्वी मंजूर नकाशा, नोंदणीकृत करारनामा, घोषणापत्र आणि नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरील प्रकल्पाची माहिती एकमेकांशी ताडून पाहणे अगत्याचे आहे. गच्ची, वाहनतळ वा साठवणीची खोली ‘आपलीच’ असल्याचे तोंडी सांगितले जात असेल, तर ती कोणत्या कागदात आणि कोणत्या स्वरूपात नमूद आहे, हे विचारावे. कुटुंबाच्या आयुष्यभराच्या बचतीतून घेतलेल्या घराचे संरक्षण कुलपाइतकेच या कागदांवरही अवलंबून असते.