गोठ्याभोवतीच्या मांजरांचे संख्यानियंत्रण

जेथे धान्याची साठवण व गोठा असतो तेथे उंदीर येतात आणि उंदरांमागे मांजरे येतात. एक-दोन मांजरे शेतकऱ्याच्या उपयोगाचीच असतात. परंतु त्यांची संख्या वाढली की दूध-दुभत्याची नासाडी, बोक्यांची भांडणे व रोगांचा फैलाव सुरू होतो.

संख्या का वाढते?

मादी ५ ते ६ महिन्यांची झाली की माजावर येते. गर्भकाळ सुमारे ९ आठवड्यांचा असून एका वेळी साधारणतः ३ ते ५ पिल्ले होतात. वर्षातून दोन-तीन वेते होऊ शकतात. पिल्ले अंगावर पीत असतानाही मादी पुन्हा गाभण राहू शकते.

शेळ्या-मेंढ्यांना धोका

टोक्सोप्लाझ्मा या परजीवीमुळे शेळ्या-मेंढ्या गाभडतात. मांजरास उंदीर किंवा कच्चे मांस खाल्ल्याने प्रथमच लागण झाली की साधारणतः १ ते ३ आठवडे त्याच्या विष्ठेतून या परजीवीची असंख्य अंडी बाहेर पडतात. ती वैरणीत व ओल्या मातीत महिनोन् महिने टिकतात. अशी लागण प्रामुख्याने पिल्ले व तरुण मांजरांना होते. म्हणून सतत पिल्ले होणाऱ्या कळपापेक्षा मोजकी, प्रौढ मांजरे कमी धोक्याची ठरतात. वैरण व खुराक झाकून ठेवावा. गर्भवती स्त्रियांनी मांजराची विष्ठा साफ करू नये.

सोडून देणे हा उपाय नव्हे

पोत्यात घालून मांजरे दूर सोडल्यास रिकाम्या जागी थोड्याच दिवसांत नवीन मांजरे येतात, कारण अन्न व आसरा तसाच राहतो. अन्नपाण्यावाचून हाल होतील अशा ठिकाणी प्राणी सोडून देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० नुसार गुन्हा आहे.

शस्त्रक्रिया

भूल देऊन मादीचे बीजांडकोश व गर्भाशय आणि बोक्याचे वृषण काढतात. प्रथम माद्यांची शस्त्रक्रिया करून घ्यावी. एखादाच बोका उरला तरी तो सर्व माद्यांना गाभण करू शकतो. शक्यतो परिसरातील सर्व माद्यांची शस्त्रक्रिया लागोपाठ उरकावी. शेजाऱ्यांनी मिळून हे काम केल्यास अधिक फायदा होतो. शस्त्रक्रियेनंतरही मांजर उंदीर मारते.

घ्यावयाची काळजी

१. पशुवैद्यकाकडे किंवा जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आधी चौकशी करून दिवस ठरवावा.

२. मांजर मोठ्या पिंजऱ्यात खाद्य ठेवून पकडावे व पिंजऱ्यावर कापड झाकावे. उघड्या हाताने धरू नये. चावल्यास जखम साबणाच्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन त्वरित डॉक्टरांकडे जावे.

३. शस्त्रक्रियेपूर्वी किती तास उपाशी ठेवावे हे पशुवैद्यकास विचारावे.

४. त्याच वेळी रेबीजची लस टोचून घ्यावी व ओळखीसाठी भूल असतानाच कानाचे टोक कापून घ्यावे.

५. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत कोरड्या, उबदार जागी ठेवावे आणि पशुवैद्यकाने सांगितल्यावर पूर्वीच्याच जागी सोडावे.

६. माणसांची पॅरासिटामॉल गोळी मांजरास कधीही देऊ नये; ती प्राणघातक ठरते.

७. उंदरांसाठी विषारी आमिष वापरल्यास मेलेले उंदीर त्वरित पुरावेत. ते खाऊन मांजरेही दगावतात.

आज असलेल्या माद्यांची शस्त्रक्रिया झाली, तर येत्या हंगामात मोजकीच मांजरे राहतील, धान्याची राखण होईल आणि शेळ्या-मेंढ्यांचा धोकाही कमी होईल.