गाव नसलेल्याचे घर

दिनांक 13 जुलै 1981 रोजी, ऐन पावसाळ्यात, महाराष्ट्राचे तत्कालीन मुख्यमंत्री अब्दुल रहमान अंतुले यांनी जाहीर केले की, मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्या सर्वांना तेथून हटवून आपापल्या मूळ गावी, अथवा निदान शहराबाहेर, रवाना करण्यात येईल. अंतुले हे आंबेतचे. महाडहून खाडीपट्ट्यातल्या तुडीलवरून म्हाप्रळकडे जाणाऱ्या रस्त्याने शेवटपर्यंत गेले, म्हणजे सावित्रीच्या पलीकडच्या तीरावर जे गाव दिसते ते. मुंबई ही पोट भरण्याची जागा आणि गाव हे राहण्याचे ठिकाण, ही विभागणी या टापूतील माणसाच्या मनात पिढ्यान् पिढ्या इतकी भिनलेली आहे की, तिने सरकारी हुकुमातही आपसूक शिरावे यात नवल नाही. ज्याला शहरात छप्पर नाही त्याला गावी ते असणारच, असे गृहीत धरूनच तो हुकूम निघाला होता.

या हुकुमाविरुद्ध पत्रकार ऑल्गा टेलिस आणि काही पदपथवासी न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या लेखणीतून, 10 जुलै 1985 रोजी जो निर्णय दिला, तो पुढे कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या पाठांतराचा विषय झाला. उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्कातच अंतर्भूत आहे हे महान तत्त्व त्यात प्रस्थापित झाले. मात्र पदपथावर वस्ती करण्याचा हक्क कोणासही नाही, आणि पावसाळा सरल्यावर, 31 ऑक्टोबरनंतर, तेथील लोकांना हटविता येईल, हेही त्याच निर्णयाने सांगितले. 1976 च्या गणनेत ओळखपत्र मिळालेल्यांना पर्यायी जागा देण्याचे बंधन सरकारवर राहिले. बाकीच्यांना तत्त्व मिळाले आणि मुदत मिळाली.

गाव हे सर्वांना असतेच, या समजुतीचा फोलपणा कोणास कळायला हवा असेल तर तो महाड-पोलादपूरकरांस. जुलै 2005 च्या अतिवृष्टीत जुई, दासगाव, रोहन आणि कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या आणि सुमारे 200 माणसे गाडली गेली. 22 जुलै 2021 रोजी तळिये गावची कोंढाळकरवाडी डोंगराच्या पोटात गेली. ऐंशीहून अधिक माणसे दगावली. आणि त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखरची सुतारवाडी येथेही तोच प्रकार घडला. सायंकाळपर्यंत ज्याला घर, गोठा, देव्हारा आणि शेजार होता, तो उजाडता उजाडता अनिकेत झाला.

पुढची कथा अधिक बोधप्रद आहे. दासगावच्या दरडग्रस्तांसाठी पत्र्याच्या शेडी उभारल्या गेल्या. त्या तात्पुरत्या म्हणून उभारल्या आणि दहा वर्षांहून अधिक काळ त्यांतच कुटुंबे राहिली. शेडीत राहणे म्हणजे काय, हे शहरातील वाचकास कदाचित सांगावे लागेल. वैशाखात दुपारी पत्रा असा तापतो की आत तान्हे मूल निजत नाही, आणि आषाढात पावसाच्या आवाजाने चार हातांवरच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. मधल्या पडद्यापलीकडचा खोकला मात्र ऐकू येतो. गुरे बांधायला जागा नाही, भात वाळवायला अंगण नाही, मुलीला दाखवायला पाहुणे बोलवावेत तर बसवायचे कोठे हा प्रश्न. दप्तरी मात्र या माणसांची नोंद ‘निवारा दिला’ अशी होते. निवारा आणि घर यांतील अंतर शासनाच्या हिशेबात मावत नाही.

दरडग्रस्ताला निदान नाव असते, पंचनामा असतो, मंत्र्यांची भेट असते. ज्याच्याविषयी हा लेख विशेषेकरून लिहावयाचा आहे, त्याला यांतील काहीच नसते. कोणत्याही तालुक्याच्या एस.टी. स्थानकावर तो आढळतो: दाढी वाढलेली, अंगावर एकावर एक चढवलेले तीन सदरे, काखेत गाठोडे, आणि कोणाशी तरी चाललेले अखंड संभाषण. हॉटेलवाला त्याला उरलेला वडा देतो, पोरे खडे मारतात, आणि एके दिवशी तो दिसेनासा होतो. तो कोठे गेला हे विचारण्याचे काम कोणाच्याच नेमणुकीत नसते.

कायदा याबाबतीत मुका नाही. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मे 2018 पासून अंमलात आहे. अशा भटकणाऱ्या माणसाला पोलिसांनी संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्यसंस्थेत न्यावे, हरवल्याची फिर्याद नोंदवून त्याच्या कुटुंबाचा शोध घ्यावा, असे त्याचे शंभरावे कलम सांगते. त्याच कायद्याचे एकोणिसावे कलम याहून पुढे जाते: केवळ कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारीत नाही किंवा समाजात राहण्याची सोय नाही, एवढ्या कारणासाठी कोणालाही मनोरुग्णालयात ठेवून घेता कामा नये, आणि ज्यांना रुग्णालयाची गरज उरली नाही त्यांच्यासाठी सरकारने वाजवी मुदतीत समाजातच लहान, गटाने राहण्याची घरे उभारावीत किंवा त्यांस साहाय्य द्यावे. सनद इतकी स्वच्छ असताना तिच्यामागे तरतूद मात्र पुरेशी उभी राहिलेली नाही.

ती नसल्याचा परिणाम असा की, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांत बरे झालेले, परंतु नेण्यास कोणी न आलेले रुग्ण वर्षानुवर्षे राहतात. त्यांपैकी काहींना भिक्षेकरीगृहांत आणि वृद्धाश्रमांत हलविण्याचा उद्योग महाराष्ट्रात सुरू झाल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या निदर्शनास आले, तेव्हा जुलै 2021 मध्ये न्यायालयाने तो ताबडतोब थांबविण्यास फर्मावले. भिक्षेकरीगृहाचा उल्लेख झालाच आहे तर हेही सांगितले पाहिजे की, 1959 च्या मुंबई भिक्षा प्रतिबंध अधिनियमान्वये भीक मागणाऱ्यास वॉरंटाशिवाय पकडून एक ते तीन वर्षे डांबून ठेवता येते. सरकार निराश्रिताच्या छपरावर खर्च करीत नाही असे नाही. ते छपरासह कुलूपही पुरविते, आणि किल्ली आपल्यापाशी ठेविते.

आमच्याच रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळ, डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांची श्रद्धा पुनर्वसन संस्था 2006 पासून मोठे काम करीत आहे. रस्त्यावरील मनोरुग्णास उचलून आणावे, औषधोपचार करावा, आणि त्याच्या तोंडून गावाचे नाव निघताच कार्यकर्त्यासह त्याला थेट त्याच्या दारात पोहोचवावे, ही त्यांची पद्धत. 2018 साली डॉ. भरत वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोवर सात हजारांहून अधिक माणसे अशी घरी पोहोचली होती. या कार्यास नमस्कारच केला पाहिजे. परंतु दार उघडणारे कोणी असेल तरच ही पद्धत फळते. आईबाप वारले, भावांनी वाटण्या केल्या, सातबाऱ्यावरून नाव गेले, किंवा त्या बाईला नवऱ्याने केव्हाच टाकले होते. अशांना कोठे पोहोचवायचे?

याचे उत्तर चेन्नईच्या ‘द बनियन’ संस्थेने 2015 पासून ‘होम अगेन’ या नावाने देऊन दाखविले. पद्धत दिसायला अगदी साधी. सामान्य वस्तीत एक सामान्य घर भाड्याने घ्यायचे. त्यात रुग्णालयात दीर्घकाळ काढलेल्या चार-पाच जणींनी एकत्र राहायचे. मदतीला एक कार्यकर्ती. आज भात करायचा की उपमा, बाजाराला कोणी जायचे, दूरदर्शनवर काय पाहायचे, हे राहणाऱ्यांनी ठरवायचे. राहण्याला मुदत नाही, आणि ‘आधी सुधारा, मग घर’ अशी अटही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये समाजाधारित मानसिक आरोग्यसेवांच्या अनुकरणीय नमुन्यांत या उपक्रमाचा समावेश केला.

परदेशांत फिनलंडने 2008 पासून हेच धोरण राष्ट्रीय पातळीवर स्वीकारले: आधी कायमचे भाड्याचे घर, आणि व्यसन, आजार, कर्ज यांवरील साहाय्य त्या घरात राहत असताना. हेलसिंकीतील सॅल्व्हेशन आर्मीच्या अडीचशे खाटांच्या आश्रयगृहाचे रूपांतर सुमारे ऐंशी स्वतंत्र घरांत करण्यात आले. 1987 मध्ये त्या देशात सुमारे 18 हजार बेघर होते. 2022 मध्ये ती संख्या 4 हजारांच्या खाली आली. तो देश श्रीमंत आहे हे खरे. पण तेवढेच श्रीमंत असून बेघरांचे तांडे बाळगणारे देश थोडे नाहीत, तेव्हा फरक पैशापेक्षा पैसा कोठे घातला यात असावा.

आपल्याकडे पैसा कोठे जातो ते पाहू. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 2 लाख 10 हजारांहून अधिक बेघर मोजले गेले. त्यांच्यासाठी असलेली रात्रनिवाऱ्यांची योजना नागरी आहे, आणि तिचे माप लाख लोकवस्तीमागे शंभर माणसांचा निवारा असे. महाडसारख्या जेमतेम 27 हजार वस्तीच्या गावाला त्या मापाने काय येणार, आणि तुडीलला तर ते लागूच नाही. ग्रामीण भागासाठी घरकुल आहे; परंतु घरकुल मिळण्यासाठी यादीत नाव हवे, जागा हवी, हप्ते उतरतील तसतसे गवंडी आणि चिरा जमविण्याची धडपड हवी. परक्याच्या जमिनीवर झोपडी असलेल्या कातकऱ्यालाही ते दुरापास्त. मग ज्याला स्वतःचे नाव अधूनमधूनच आठवते त्याची काय कथा!

म्हणून मागणी अशी की, राज्याच्या अर्थसंकल्पात साहाय्यासह घर यासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष असावे, आणि त्यातून घरभाडे व कार्यकर्त्याचे वेतन ही दोन्ही दरमहा निघावीत. एकास मंजुरी आणि दुसऱ्यास टाळाटाळ झाली, तर उरते ती पुन्हा दासगावची शेडच. देणग्यांवर हे चालेल असे म्हणणाऱ्यांस माझे उत्तर एवढेच की, रुग्णालयाची खाट देणग्यांवर चालत नाही. तिच्यावरचा माणूस बाहेर पडल्यावर त्याच्यामागचा खर्च त्याच्याबरोबर बाहेर का पडू नये? गरीब कष्टकऱ्याला घर नसताना वेड्याला घर का, हा आक्षेपही मी ऐकला आहे. तो घेणारे बहुधा कष्टकऱ्याच्या घरासाठीही कधी तहसीलवर गेलेले नसतात.

घरे कोठून आणायची, हा प्रश्न कोकणात तरी पडू नये. तुडीलपासून चिंभाव्यापर्यंतच्या पट्ट्यात माणसे मुंबईत आणि आखातात, आणि घरे कुलपात. गणपतीला किंवा मे महिन्यात पंधरा दिवस उघडायची, एरवी वाळवीच्या स्वाधीन. अशी चार खोल्यांची, विहीर जवळ असलेली घरे समाजकल्याण खात्याने भाड्याने घ्यावीत, औषधासाठी महाडच्या ग्रामीण रुग्णालयाशी आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाशी जोडावीत, राहणाऱ्यांची शिधापत्रिका त्याच पत्त्यावर काढावी. गाव कुरकुर करील. नवा बिऱ्हाडकरू आला की ते नेहमीच करते. खरी अडचण भाडेपट्ट्याची आहे. अकरा महिन्यांचा करार चालणार नाही, कारण दर वर्षी घर बदलणाऱ्याला घर मिळाले असे म्हणता येत नाही. पट्टा निदान पाच वर्षांचा, रीतसर नोंदवलेला हवा, भाडेकरू म्हणून सरकारचे नाव हवे, आणि चार भावांच्या सामाईक घराला चौघांच्याही सह्या लागतील. त्या मुंबईत आणि कुवेतमध्ये जाऊन कोणी आणायच्या, हेही त्याच शासननिर्णयात लिहून ठेवावे.