रानाच्या कडेला दुर्बीण कोणती घ्याल?

अलोऱ्यासारख्या घाटाखालच्या गावात रान शेताला भिडलेले. पीक भरात आले की रात्रीत कोण चरून गेले, हा सकाळचा प्रश्न. बंदुकीचा विचार मनात आणू नका. 1972 च्या वन्यजीव कायद्यात 1991 साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून सांबर-भेकराची परवान्याची शिकारही बंद आहे. पण बघायला कोणाची बंदी? सांबर होते, डुक्कर होते, की शेजाऱ्याचे मोकाट गुरू, हे डोळ्यांनी पाहिले असले तर पंचनाम्याच्या वेळी वनरक्षकापुढे, तलाठ्यापुढे अडखळायला होत नाही.

दुकानदार म्हणेल, "वीस पट मोठं दिसतं, साहेब!" भुलू नका. हात जरा हलला की चित्र थरथरते, आणि नजरेचा पट्टा इतका अरुंद होतो, की झाडीत जनावर सापडतच नाही. दुर्बिणीवर 8 × 42 असे आकडे असतात. पहिला किती पट ते सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागा. इथे सव्वापाच येतात. खिशातल्या 10 × 25 चे अडीचच! जनावर बाहेर पडते दिवेलागणीला. त्या अंधूक उजेडात उत्तर पाचाच्या आसपास हवे. मिट्ट काळोखात मात्र साध्या दुर्बिणीचा उपयोग नाही.

आपल्याकडचा पाऊस ध्यानात ठेवून पाणी न शिरणारीच घ्या. ओली दुर्बीण पिशवीत कोंडू नका, भिंगांना बुरशी धरते. घेण्याआधी दुकानाबाहेर या, एखाद्या गर्द झाडाच्या फांद्यांमधून पलीकडचे स्पष्ट दिसते का ते पाहा. एकट्याला परवडत नसेल तर वाडीने मिळून एक घ्यावी.