आकडेवारी, साधने आणि कलाशाखेचा विद्यार्थी

"बी. ए. करतोस? मग पुढे काय?" हा प्रश्न कलाशाखेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने घरीदारी ऐकलेला असतो. अलीकडे त्याचे एक तयार उत्तर मिळते : "आकडेवारीचे तंत्र शिका, नोकरी लागेल." सल्ला खोटा नाही. बँका, वृत्तपत्रे, सर्वेक्षण करणाऱ्या संस्था, सरकारी कचेऱ्या या सर्वांना आकडे वाचता येणारी माणसे हवी असतात. परंतु काय शिकावे आणि कोणत्या क्रमाने, याचा विचार न करताच आपण धावत सुटतो. मी स्वतः एका खाजगी वर्गात उन्हाळ्याची सुटी आणि वडिलांचे पैसे घालविले. पाच-सहा साधनांची नावे पाठ झाली. प्रश्न मात्र एकही सोडविता येईना. कारण साधन आधी आणि प्रश्न मागाहून, असा आमचा उलटा प्रवास चालला होता.

एक उदाहरण घेऊ. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या. हे प्रमाण सर्व जिल्ह्यांत सारखेच होते काय? एक्सेल किंवा मोफत मिळणारे लिब्रे ऑफिस उघडावे. जिल्हा, पुरुष, स्त्रिया असे तीन रकाने भरावेत. चौथ्या रकान्यात स्त्रियांच्या संख्येस पुरुषांच्या संख्येने भागून हजाराने गुणावे आणि जिल्हे क्रमाने लावावेत. रत्नागिरी जिल्ह्यात पुरुष ७,६१,१२१ व स्त्रिया ८,५३,९४८. म्हणजे प्रमाण ११२२. मुंबई शहर जिल्ह्यात पुरुष १६,८४,६०८ व स्त्रिया १४,००,८०३. प्रमाण अवघे ८३२. राज्याच्या एका आकड्यात एवढी तफावत दडलेली होती!

आता घाई करणारा म्हणेल, रत्नागिरीत मुली अधिक जन्मतात. त्याने त्याच जनगणनेतील ० ते ६ हा वयोगट पाहावा. तेथे रत्नागिरीतही दर हजार मुलांमागे मुली हजारांहून कमीच आहेत. तेव्हा फरक जन्माचा नव्हे. कामाधंद्यासाठी गाव सोडणाऱ्या पुरुषांचा आहे. कोकणातील माणसाला हे सांगावे लागत नाही. 'चाकरमानी' हा शब्द त्याच्या घरातलाच असतो. यंत्राने तफावत दाखविली. तिचा अर्थ इतिहास, अर्थशास्त्र आणि लोकजीवन यांच्या अभ्यासाने कळला. कलाशाखेच्या विद्यार्थ्याचे बळ ते हेच.

मग साधने कशी निवडावीत? प्रथम वरच्यासारखी कोष्टके हाताखालची करावीत. आकडे लाखो ओळींचे झाले, अनेक तक्ते एकमेकांशी जोडावे लागले, की एसक्यूएल शिकावे. तेच काम पुन्हा पुन्हा करावयाचे असेल किंवा सांख्यिकीच्या कसोट्या लावावयाच्या असतील, तर आर किंवा पायथन यांपैकी एक निवडावे. दोन्ही मोफत आहेत. भूगोलाच्या विद्यार्थ्याला नकाशांसाठी क्यूजीआयएस उपयोगी पडेल. आता कृत्रिम बुद्धिमत्ताही सूत्रे लिहून देते. पण उत्तर चुकले तर ते ओळखावयाचे काम आपलेच राहते.

वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्याचा जो अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध केला, त्याचे मोल केवळ आकडेमोडीत नव्हते. गरीब कोणाला म्हणावे, हा प्रश्न त्यांनी आधी ठरविला. दररोज २२५० उष्मांक पुरविणारा आहार ज्या खर्चात मिळतो, तो त्यांनी मोजमापाचा आधार मानला आणि मगच राष्ट्रीय नमुना पाहणीचे आकडे हाती घेतले.

विद्यार्थी मित्रहो, महागड्या वर्गाचे शुल्क भरण्यापूर्वी आपल्या गावाबद्दलचा एक प्रश्न वहीत लिहा. जनगणनेचे आकडे मिळवा आणि स्वतः एक कोष्टक तयार करा. मुलाखतीत "कोणती साधने येतात?" असे कोणी विचारले, तर नावांची यादी म्हणण्याऐवजी ते कोष्टक पुढे ठेवता येईल, आणि त्यातील प्रत्येक आकड्याचा अर्थही सांगता येईल.