कोण्णूरचं घर, कराचीचं बंदर

२०२५ च्या मे महिन्यात दोन वास्तू मोबाइलच्या पडद्यावर उद्ध्वस्त झाल्या. एक कराचीचं बंदर. दुसरं आमच्याच बेळगाव जिल्ह्यातलं, गोकाक तालुक्यातल्या कोण्णूरचं एक घर. प्रत्यक्षात दोन्ही जागच्या जागी उभ्या होत्या. कराचीवर पुष्कळ लिहून झालं, कोण्णूरची बातमी दोन-चार दिवसांत मागे पडली. याच जिल्ह्यातल्या सदलग्यात बसून युद्धकाळातल्या खोट्या बातम्यांचा आढावा घ्यायचा तर सुरुवात कोण्णूरपासूनच करायला हवी.

पाकिस्तानविरुद्धच्या ऑपरेशन सिंदूर या लष्करी कारवाईची अधिकृत माहिती देशाला देताना ७ मे रोजी परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांच्यासोबत कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंग बसल्या होत्या. कर्नल कुरेशींचं माहेर बडोद्याचं, सासर कोण्णूरचं. त्यांचे पतीही लष्करात अधिकारी. त्या दिवशी आमच्या भागात कोण आनंद झाला! कन्नड बोलणारे, मराठी बोलणारे, सगळ्यांनाच ती आपल्या जिल्ह्याची सून वाटली. पुढच्या आठवड्यात ‘एक्स’वर एक मजकूर आला. बेळगावात राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या लोकांनी त्यांच्या घरावर हल्ला केला, मोडतोड केली, घरच्यांना पळून जावं लागलं, असा त्याचा आशय. जिल्हा पोलीसप्रमुख भीमाशंकर गुळेद यांनी तो धादांत खोटा असल्याचं जाहीर केलं. पोलीस कोण्णूरला जाऊन आले, घर आणि घरची माणसं सुखरूप होती. मजकूर काढून टाकला गेला. ज्या खात्यावरून तो आला त्यावर ठिकाण कॅनडाचं होतं.

हजारो मैलांवरून कोणीतरी चार ओळी टाकतो आणि त्याचा नेम गोकाक, चिकोडी, निपाणीच्या बाजारपेठांवर असतो. मराठा, लिंगायत, जैन, मुसलमान, धनगर अशी सगळी वस्ती इथे एकमेकांना लागून आहे. ऊस एकाच कारखान्याला जातो, तंबाखू एकाच बाजारात. अशा ठिकाणी ती अफवा आणखी चार तास फिरली असती तर काय घडू शकलं असतं, हे इथे राहणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. तो खोटा मजकूर फक्त एका घराबद्दल नव्हता, त्यात दंगलीची ठिणगी होती. ती पडली नाही, कारण पोलीस त्याच दिवशी बोलले.

सदलगा दूधगंगेच्या काठावरचं गाव. आचार्य विद्यासागर महाराजांचं हे जन्मगाव म्हणून जैन समाजात देशभर ठाऊक आहे. नदीपल्याड महाराष्ट्र, शिरोळ तालुका, आणि त्यात सैनिक टाकळी. पिढ्यान्‌पिढ्या पोरं फौजेत पाठवणारं ते गाव, म्हणूनच नावात सैनिक. तिकडे बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर आहे. त्यामुळे युद्धाची बातमी इथे घरची बातमी असते. मुंबई-दिल्लीच्या प्रेक्षकाला सीमेवरचा स्फोट म्हणजे थरार असेल. इथल्या आईला त्या स्फोटाच्या ठिकाणाचं नाव हवं असतं, कारण पोराची पोस्टिंग कुठे आहे हे तिला अर्धवट माहीत असतं आणि फोन लागत नसतो. ८ मेच्या रात्री अशा किती घरांत टीव्ही पहाटेपर्यंत चालू होता! पडद्याखालची लाल पट्टी धावत होती, मागे भोंगे वाजत होते, आणि सून सासूला विचारत होती, ‘आत्या, हे खरं हाय व्हय?’

त्या रात्री दाखवलं काय? भारतीय नौदलाने कराची बंदर बेचिराख केलं. सेना इस्लामाबादेत शिरली. पाकिस्तानचे लष्करप्रमुख असीम मुनीर यांना अटक झाली, तिथे सत्तापालट झाला. यातलं काहीही घडलं नव्हतं. ११ मे रोजी नौदलाच्या अधिकाऱ्यांनी पत्रकारांना सांगितलं ते एवढंच, की आपली जहाजं कराचीसह निवडलेल्या लक्ष्यांवर मारा करण्याच्या तयारीत समुद्रात होती. तयारी आणि मारा यांतला फरक आमच्याकडच्या कुठल्याही निवृत्त हवालदाराला कळतो. स्टुडिओत बसलेल्यांना तो कळला नसेल, यावर माझा विश्वास नाही.

कराचीची म्हणून फिरलेली एक चित्रफीत अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाची होती. जानेवारी अखेरीस तिथे रुग्णवाहक विमान वस्तीवर कोसळलं, त्या आगीची. गुजरातच्या हजिरा बंदरावरील हल्ला म्हणून पसरलेली फीत २०२१ च्या जुलैमधल्या एका तेलटँकरच्या स्फोटाची निघाली. २०२० चा बैरूतचा स्फोट पुन्हा एकदा बाहेर आला. आणि विमानविरोधी तोफांची ती प्रसिद्ध फीत, काळं आभाळ, त्यात लाल ठिपक्यांच्या सरळ रेषा, मध्ये सरकणारं विमान! ती ‘आर्मा ३’ या संगणकावरच्या खेळातली. नीट पाहिलं तर लक्षात येतं, की त्यातला कॅमेरा धरणाऱ्याचा हात जाणीवपूर्वक हलवल्यासारखा हलतो, पण आसपास माणसाचा एक शब्द ऐकू येत नाही. खऱ्या हल्ल्याच्या फितीत आधी ऐकू येतो तो घाबरलेल्या माणसांचा आवाज. पाकिस्तानी तोफमारा झालेल्या पूंछमधून आलेल्या खऱ्या फितींत तो होता.

हे एकट्या आपल्याकडे झालं असं नाही. ‘आर्मा ३’ची फीत पाकिस्तान सरकारच्या अधिकृत खात्यावरूनही गेली. त्यांचे परराष्ट्रमंत्री इशाक दार यांनी पाकिस्तानी हवाई दलाची स्तुती करणारं एका ब्रिटिश दैनिकाचं पहिलं पान थेट सिनेटमध्ये पुरावा म्हणून सांगितलं. ते पान बनावट होतं, आणि हे उघड केलं पाकिस्तानातल्याच ‘डॉन’ने. आपली वैमानिक शिवांगी सिंग पकडली गेल्याची अफवा तिकडून आली. तिकडच्या लष्करी प्रवक्त्याने दोन विमानं पडल्याची कबुली दिल्याची कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली फीत इकडे चालली. पण शेजारी खोटं बोलला म्हणून आपल्या वाहिन्यांचं खोटं धुतलं जात नाही.

युद्धाचं चित्र रचण्याची खोड कॅमेऱ्याइतकीच जुनी आहे, आणि तिचा एक पहिला ठळक नमुना भारतातलाच आहे. १८५७ च्या नोव्हेंबरात लखनौच्या सिकंदर बागेत इंग्रजी फौजेने शेकडो बंडवाल्या शिपायांची कत्तल केली. छायाचित्रकार फेलिचे बियातो तिथे पोहोचला तो काही महिन्यांनी, १८५८ साली. त्याच्या छायाचित्रात पडक्या इमारतीपुढे अंगणभर कवट्या आणि हाडं पसरलेली दिसतात. ती हाडं चित्रासाठी मांडून घेतली होती, असं अभ्यासक मानतात. कत्तल खरी होती, चित्र मांडलेलं होतं. ही गुंतागुंत विसरता कामा नये, कारण पुढच्या दीडशे वर्षांतल्या अर्ध्या वादांचं मूळ तिथेच आहे. १८९८ मध्ये स्पेन-अमेरिका युद्धात व्हायटाग्राफ कंपनीच्या दोघांनी पाण्यात जहाजांची कापलेली चित्रं तरंगवून, सिगारचा धूर सोडून सांतियागोची नाविक लढाई ‘चित्रित’ केली. पहिल्या महायुद्धात १९१६ चा सोमच्या लढाईवरचा चित्रपट इंग्लंडभर लोकांनी रडत पाहिला. खंदकातून सैनिक वर चढतात आणि एक जण मागे कोसळतो, हे त्यातलं सर्वांत गाजलेलं दृश्य आघाडीच्या मागे सराव शिबिरात घेतलेलं होतं. बाकीचा बराचसा चित्रपट मात्र अस्सल आहे.

दुसऱ्या महायुद्धात आपल्या कोल्हापूरच्या व्ही. शांताराम यांनीही काही काळ सरकारच्या फिल्म ॲडव्हायझरी बोर्डाचं काम पाहिलं. पुढे १९४३ पासून ‘इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया’चे युद्धपट आणि ‘इंडियन न्यूज परेड’ची वार्तापत्रं थिएटरांत दाखवणं सक्तीचं झालं. बंगालच्या दुष्काळाच्या त्या वर्षात पडद्यावर विजयाची तयारी दिसत होती. या विषयावर मराठीत स्वतंत्र पुस्तक व्हायला हवं.

मला जास्त रेंगाळावंसं वाटतं ते गोव्याच्या लढ्याजवळ, कारण ती हकीकत आमच्या सीमेवर घडली. पोर्तुगीज राजवटीत गोव्यातली वृत्तपत्रं सेन्सॉरखाली होती, रेडिओ सरकारचा होता. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो या तरुण जोडीने २५ नोव्हेंबर १९५५ पासून एक गुप्त नभोवाणी केंद्र चालवलं. ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ हे त्याचं नाव. ट्रान्समीटर आधी आंबोलीच्या जंगलात, मग कॅसलरॉकच्या रानात. जळवा, पाऊस, जनावरं, एकांत, आणि रोज ठरल्या वेळी कोकणीतून व पोर्तुगीजमधून बातमीपत्र. लिस्बनच्या सरकारने दडवलेलं जगभरातलं वृत्त गोळा करायचं आणि घाटाखाली पोहोचवायचं, हे काम त्यांनी सहा वर्षं केलं. तोही प्रचारच होता, एका बाजूचा होता, हे मान्य केलं पाहिजे. पण लोकांनी त्यावर विश्वास ठेवला, कारण ऐकलेलं पडताळून पाहिलं तर खरं निघत होतं. डिसेंबर १९६१ मध्ये सालाझारने गोव्यातल्या आपल्या सैन्याला शेवटच्या माणसापर्यंत लढायचा हुकूम दिला होता. गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्वा यांनी १९ डिसेंबरला शरणागती पत्करली. तेव्हा सरदेसाई आणि लोबो यांनी हवाई दलाच्या विमानातून ध्वनिक्षेपकावर मुक्तीची बातमी गोव्याच्या आभाळातून सांगितली. खरी बातमी सांगायची होती म्हणून ती त्या दोघांच्या आवाजात गेली. लिबियाताईंना जानेवारी २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, मे महिन्याच्या त्या रात्रीच्या साधारण साडेतीन महिने आधी.

आता या प्रश्नाची दुसरी बाजू. खोटी फीत जितकी घातक, तितकाच ‘ही फीत बनावट आहे’ हा खोटा आरोपही घातक असतो. ९ मार्च २०२२ रोजी युक्रेनच्या मारियुपोलमध्ये प्रसूतिगृहावर बॉम्ब पडले. जखमी गरोदर बायकांची छायाचित्रं जगभर गेली. रशियाने त्यातल्या एकीला नटी ठरवलं. तिने दुसऱ्या दिवशी मुलीला जन्म दिला, तरी आरोप थांबले नाहीत. ३० सप्टेंबर २००० रोजी गाझात बापाच्या आडोशाला लपलेला मुहम्मद अद-दुर्रा हा मुलगा गोळीबारात मारला गेल्याची फीत ‘फ्रान्स २’ने दाखवली, आणि ती रचलेली आहे असा आरोप करणाऱ्यावरचा खटला पॅरिसमध्ये २०१३ पर्यंत चालला. आरोप करणाऱ्याला शेवटी बदनामीबद्दल दोषी धरलं गेलं. उलट २००६ मध्ये लेबनॉन युद्धात रॉयटर्सच्या एका छायाचित्रकाराने बैरूतवरचा धूर संगणकावर गडद केल्याचं सिद्ध झालं, तेव्हा संस्थेने त्याला काढलं आणि त्याची ९२० छायाचित्रं विक्रीतून मागे घेतली. एका काळ्या धुराच्या हव्यासापायी त्याने सगळ्या प्रामाणिक छायाचित्रकारांच्या कामावर संशयाची सावली पाडली.

हे नुकसान कोणाच्या पदरात पडतं? पूंछमधल्या एका मदरशाचे शिक्षक ७ मे रोजी पाकिस्तानी तोफमाऱ्यात मारले गेले. काही राष्ट्रीय वाहिन्यांनी त्यांचा फोटो दाखवून त्यांना ठार झालेला दहशतवादी म्हटलं. ज्या पाकिस्तानी तोफेने भारतीय नागरिक मारला, त्याच तोफेच्या बाजूला त्या मेलेल्या माणसाला नेऊन बसवलं! पूंछ पोलिसांनी ती बातमी खोटी ठरवली, पुढे जूनमध्ये तिथल्या न्यायालयाने वाहिन्यांवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. त्या शिक्षकांच्या मुलांनी वडिलांच्या दफनाच्या आसपासच टीव्हीवर ते नाव ऐकलं असेल. त्या काळातली मला सर्वांत मोठी लाज वाटते ती या एका बातमीची.

सरकारने काय केलं? २६ एप्रिललाच माहिती-प्रसारण खात्याने लष्करी हालचालींचं थेट प्रक्षेपण करू नये, असं बजावलं होतं. त्यात कारगिल, कंदाहारचं अपहरण आणि २६/११ चे दाखले होते. २६/११ च्या वेळी अतिरेक्यांचे सूत्रधार आपलाच टीव्ही पाहून सूचना देत होते, हे सर्वोच्च न्यायालयाने कसाबच्या निकालात २०१२ साली स्पष्ट नोंदवलं आहे. १० मे रोजी वाहिन्यांना कार्यक्रमात हवाई हल्ल्याचे भोंगे वाजवू नका, असंही सांगावं लागलं. रोज खोटा भोंगा ऐकलेला माणूस खऱ्या भोंग्याला उठणार नाही. ‘एक्स’ने सांगितल्याप्रमाणे सरकारने आठ हजारांहून अधिक खाती बंद करायला लावली, ‘द वायर’चं संकेतस्थळही काही काळ बंद झालं. पुण्यात १९ वर्षांच्या एका विद्यार्थिनीला समाजमाध्यमावरचा मजकूर पुढे पाठवल्याबद्दल अटक झाली, कॉलेजने काढून टाकलं. मुंबई उच्च न्यायालयाने २७ मे रोजी राज्य सरकारची आणि कॉलेजची कडक शब्दांत कानउघाडणी करून तिला सोडायला लावलं. त्या मुलीने तो मजकूर काढून माफीही मागितली होती. कराची पाडणाऱ्या किती निवेदकांनी माफी मागितली? एखाद्याने ओझरती दिलगिरी व्यक्त केली, बाकीचे दुसऱ्या दिवशी नव्या सूटमध्ये हजर. दुबळ्याला तुरुंग आणि मोठ्याला पुढचा कार्यक्रम, हा न्याय मला मान्य नाही.

प्रेक्षकालाही करण्यासारखं आहे, आणि ते अवघड नाही. फितीतला एक क्षण थांबवून तेच चित्र गुगलवर शोधलं की जुनं असेल तर बहुतेक वेळा सापडतं. दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे नंबर, झाडं, हवामान बघावं. कराचीत मे महिन्यात कोणी जाड कोट घालत नाही. ठिकाणाचं नाव नसलेली, तारीख नसलेली फीत पुढे पाठवू नये. आपल्या भागाबद्दल काही आलं तर आधी पोलीस ठाण्याला फोन करावा, मग ग्रुपवर टाकावं. निपाणी-चिकोडीच्या वार्ताहरांकडे अजूनही ही सवय आहे. घटनास्थळी जाऊन आल्याशिवाय ते ओळ लिहीत नाहीत. दिल्लीच्या स्टुडिओपेक्षा या तालुका वार्ताहरांवर माझा विश्वास जास्त आहे, आणि त्यांना मिळणारं तुटपुंजं मानधन ही या धंद्याची शोकांतिका आहे.

मराठी वाहिन्यांकडे माझी एकच मागणी आहे. जी खोटी बातमी रात्री नऊला दिली, तिची दुरुस्ती रात्री नऊलाच, त्याच निवेदकाने, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत द्यावी. ज्या गावाबद्दल, ज्या माणसाबद्दल खोटं दाखवलं, त्याचं नाव घेऊन द्यावी. आणि वाचकहो, ही मागणी तुम्हीही करा. वाहिन्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांची नावं आणि पत्ते जाहीर करणं कायद्याने बंधनकारक आहे. पत्र लिहा, मराठीत लिहा, आणि उत्तर येईपर्यंत पुन्हा लिहा.